चेन कव्हरच्या आतलं मीठ

११ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी सव्वातीनला लवूची मोटरसायकल टेंपोत घालून आणली. मागचं चाक जाम. सकाळी हातखंब्याच्या अलीकडच्या उतारावर चेन तुटली, चाक जागीच अडकलं आणि तो पडला. डाव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली आहे. मासळीचे क्रेट रस्त्यावर सांडले.

लवू मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घेतो आणि आतल्या वाड्यांवर दारोदार विकतो. काशीकाकांचं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. गॅरेज काशीकाकांचं आहे, मी जानेवारीपासून इथे आहे. पुढच्या वर्षी ते माझ्याकडे सोपवायचं असं ठरलं आहे, पण तोंडीच.

गाडीची चेन पूर्ण झाकलेली असते. कव्हर उघडलं तेव्हा तुटलेली चेन पुढच्या दातेरी चाकाभोवती गोळा होऊन बसली होती. काढायला छिन्नी लागली. चार तुकडे झालेत. सगळ्यांत लांब तुकड्याच्या वीस कड्या मोजल्या. नव्या चेनला हे माप २५४ मिलिमीटर असतं, २५९ झालं की बदलायची. इथे २६३ भरलं. सहा कड्या वळतच नव्हत्या, गंजून एकसंध झालेल्या. ही चेन त्या दिवशी अचानक तुटली नाही. ती कित्येक आठवडे तुटत होती.

गोळा झालेल्या चेनने इंजिनच्या डाव्या केसिंगला भोक पाडलं आहे. ३१ बाय १४. सगळं ऑईल रस्त्यावर.

जॉब कार्ड भरलं. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात लिहिलं: चेनकडे दुर्लक्ष, ग्राहकाकडून. काका खांद्यावरून वाचत होते.

"इन्स्पेक्टरबाई, एवढ्यात निकाल?"

चाकणच्या कंपनीत मी तीन वर्षं तपासणी विभागात होते, म्हणून हे नाव.

"पुरावा समोर आहे," मी म्हटलं.

"पुरावा टेंपोतनं आला. माणूस अजून शिवील हास्पिटलात हाय."

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. कार्डाची एक प्रत नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकाच्या घरी पाठवली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लवूची बायको आली होती. सगुणा. पस्तिशीची असेल. इस्पितळातून थेट आली होती. बाकावर बसली नाही.

"गाडी कधी देताव, म्याडम?"

"इंजिन उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. महिना धरा."

"महिना नाय. दसऱ्यापातूर होयाला हवी."

मी कारण विचारलं. नवरात्रात त्या वाड्यांवर मासळी शिजत नाही. यंदा दसरा गुरुवारी, म्हणजे त्या दिवशीही नाही. शुक्रवारी सकाळी सगळी घरं वाट बघत बसतात. आणि तिथली रीत अशी की त्या दिवशी ज्याची मासळी पहिली दारात आली, वर्षभर त्याच्याकडूनच घ्यायची. लवूची अशी चव्वेचाळीस घरं आहेत. पालीचा शिवाही मासळी विकतो, त्याने गेल्या महिन्यात टेंपो घेतला आहे.

"शुक्रवारी आपला हॉर्न वाजला नाय, तर मंग वर्षभर वाजवून उपेग नाय," सगुणा म्हणाली.

"पण लवूचा पाय तीन महिने..."

"मी नेणार."

"गिअरची गाडी येते तुम्हाला?"

"लायसन हाय. ह्यांनीच काढून दिलं. गाडी तेवढी कधी हातात दिली नाय."

काका जोरात हसले. तीही जराशी हसली, मग थांबली.

मी सांगितलं की मी शब्द देत नाही.

"मंग काय देताव?"

"तारीख. २६ तारखेला नक्की सांगेन, होईल की नाही ते."

ती गेल्यावर काका म्हणाले, "शब्द दिला असतास तर काय तुझं तेल सांडलं असतं?"

१३ सप्टेंबर, शनिवार

इंजिन पूर्ण उघडलं. भोक हे फक्त शेवटचं नुकसान आहे. चेन कडक झाल्यामुळे ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला सतत ओढत होती. शाफ्ट १८ शतांश मिलिमीटर वाकला आहे. त्याचं बेअरिंग केसिंगमधल्या आपल्या बैठकीत फिरलं आहे, म्हणजे बैठक सैल झाली. सील फाटून ऑईल बऱ्याच दिवसांपासून गळत असणार, कारण सिलिंडरवर ओरखडे आहेत. पिस्टन वाचला.

केसिंग नवीन मिळतं. पण इंजिन नंबर केसिंगच्या याच डाव्या अर्ध्या भागावर कोरलेला असतो. नवं केसिंग कोरं येतं, म्हणजे आरटीओचे कागद, म्हणजे दसरा गेला. म्हणून जुनंच वेल्डिंग करून घ्यायचं.

एक गोष्ट जुळत नाही. चेन कव्हरच्या आत पांढरा थर आहे. बोट ओलं करून जिभेला लावलं. मीठ. क्रेटमधलं बर्फाचं पाणी ठिबकत असेल असं आधी वाटलं, पण ते कव्हरच्या बाहेरून ओघळतं. हा थर आतून, वरच्या बाजूला आहे, चेनच्याही वर. तिथवर पाणी खालून उडाल्याशिवाय पोचणार नाही. चेन बघण्यासाठी कव्हरला एक भोक असतं, त्याची रबरी टोपी जागेवर नव्हती.

कारण लागत नाही. नोंद करून ठेवते.

१५ सप्टेंबर, सोमवार

शाफ्ट, बेअरिंग, सील आणि रिंगा कोल्हापूरला सांगितल्या. शाफ्ट त्यांच्याकडे नाही, मागवावा लागेल. 'आठवडाभरात' म्हणाले. किती दिवसांचा आठवडा ते विचारलं, तर फोनवरचा माणूस हसला.

सगुणा संध्याकाळी येऊन इंजिनचे भाग बघून गेली. मेजावर मी ते कापडावर क्रमाने मांडून ठेवले आहेत. तिने एकाही वस्तूला हात लावला नाही. "एवढ्या सगळ्यावर हे बसलेले व्हते?" एवढंच म्हणाली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत भिकाजींकडे केसिंग वेल्ड करून आणलं. अ‍ॅल्युमिनियमचं काम शहरात त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी करत नाही. दिसायला उत्तम झालं.

परीक्षा काकांच्या पद्धतीने केली. वेल्डच्या एका बाजूला खडू फासायचा, दुसऱ्या बाजूला रॉकेल ओतायचं आणि वाट बघायची. चाकणला यासाठी दाब मोजायचं यंत्र होतं. चाळीस मिनिटांनी पांढऱ्या खडूवर तीन काळे ठिपके आले. वेल्ड पाझरतो आहे.

चूक माझी. धातूच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं ऑईल मुरलेलं असतं. मी ते फक्त वरून धुतलं होतं. केसिंग भट्टीत तापवून आतलं ऑईल बाहेर काढायला हवं होतं. मला हे माहीत होतं. मी एक दिवस वाचवायला गेले आणि तीन घालवले.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. तुझ्या हातनं पण चुकतं तर."

भिकाजींच्या शेजारी पावडर कोटिंगवाले आहेत, त्यांची भट्टी सोमवारी रिकामी आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

भाट्याला लवूच्या घरी गेले होते. तो बुधवारी घरी आला. मला फक्त त्या मिठाबद्दल विचारायचं होतं.

तो पडवीत खाटेवर होता, पाय उशीवर. मला बघून उठून बसायची धडपड केली. पंधरा वेळा सांगितलं तेव्हा टेकला.

"चुकलंच माझं, म्याडम. चेन बघायला हवी व्हती. आळस केला."

मी विचारलं, गाडी कुठे धुता.

त्याचा चेहरा एकदम उजळला. "बंदरावर. पंपानं. तुमचा बोर्ड लागल्यापास्नं येक दिस चुकवला नाय. सगुणाला विचारा. लोकं हसायची, म्हणायची लवूची गाडी नवरीवानी न्हाते."

"पाणी कुठलं?"

"दर्याचंच. गोडं पाणी थयं बर्फाला नि माणसांना पुरत नाय, गाडीला कोण देतंय? दर आयतवारी तर ती रबराची टोपी काढून आतनं पण नळी सोडायचो. आत वास ऱ्हातो ना. आत वास ऱ्हायला तर तुमी गाडी आत घेणार नाय."

त्याने हे मी चांगलं म्हणावं म्हणून सांगितलं. मी 'ठीक आहे' म्हटलं.

सगुणाने बांगड्याचं तिखलं आणि भाकरी वाढली. "परवापास्नं घट, खाऊन घ्या." मी जेवून निघाले. येताना पुलावर गाडी थांबवली होती. काही कारण नव्हतं.

२१ सप्टेंबर, रविवार

गॅरेजचं रजिस्टर पाहिलं. जानेवारीपासून ते माझ्या अक्षरात आहे.

मार्चपर्यंत दर रविवारी नोंद आहे: लवू, चेन, तेल. काका गाडी रस्त्यावरच उभी करून चेनला नव्वद नंबरचं ऑईल सोडायचे. दहा मिनिटांचं काम. त्याची नोंदही ते करत नव्हते, मी करायला लावली.

६ एप्रिल. बोर्ड लावला. मजकूर मी लिहिला होता: 'मासळीच्या गाड्या धुऊन आणाव्यात. वास येणारी गाडी आत घेतली जाणार नाही. रस्त्यावर काम केले जाणार नाही.' कारण असं की बाकीची गिऱ्हाइकं तक्रार करत होती. दोन गिऱ्हाइकं. आणि मी.

४ मे. लवू, परत पाठवली, वास.

१८ मे. लवू, परत पाठवली, वास.

त्यानंतर नोंद नाही. १८ मे ते ११ सप्टेंबर, ११६ दिवस.

बोर्डावर 'गोड्या पाण्याने' असं लिहिलेलं नव्हतं. ते मी गृहीत धरलं होतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

परवा केसिंग भट्टीत दोनशे अंशांवर दोन तास ठेवलं. बाहेर काढलं तेव्हा सगळीकडून काळं ऑईल फुटून आलं होतं. पुसलं, पुन्हा तापवलं, पुन्हा पुसलं. काल भिकाजींनी जुना वेल्ड पूर्ण खरवडून नव्याने भरला. बेअरिंगच्या बैठकीत बुश, म्हणजे धातूचं कडं, घालून ती मापात आणली.

आज खडू आणि रॉकेल. चाळीस मिनिटं, मग दोन तास, मग संध्याकाळपर्यंत. खडू पांढराच.

काकांना रजिस्टर दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच बंद केलं.

"माहीत हाय मला."

"तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?"

"गाडी टेंपोतनं उतरवली तेव्हाच. खाऱ्या पाण्याचा गंज येगळा असतो, बाय. भुगा होतो त्याचा."

"मग कार्ड लिहिताना बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर आयकलं असतंस?"

मी विचार करून 'नाही' म्हटलं. ते खरं होतं. त्यांना ते उत्तर आवडलं असावं, कारण चहा सांगितला. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मेमधे तो दोनदा मागं गेला, तेव्हा मी आतच व्हतो. पान्याला पाना वाजवत. बाहेर येऊन दोन थेंब सोडले असते तर काय झालं असतं? म्हटलं, पोरगी नवीन हाय, तिचा नियम मोडायला नको."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज तारीख द्यायची होती. शाफ्ट आलेला नाही. तरी सगुणाला 'होईल' म्हणून सांगितलं. शाफ्ट सोमवारी एसटीच्या पार्सलने येतो आहे असं कोल्हापूरने कळवलं आहे, त्या भरवशावर.

तिला मिठाबद्दल सांगायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं.

पण तीच बोलत राहिली. लवू झोपत नाही. "सारखा एकच पाढा. माझ्याच आळसानं झालं, पोरांच्या तोंडचं मी घालवलं. तुमचं तां कार्ड हाय ना, तां उशीखाली ठेवलंय. परत परत वाचतो. म्हणतो, शिकलेल्या माणसानं लिवलंय, खोटं कसं असंल."

मी सांगितलं, मागचं दातेरी चाकही बदलावं लागेल.

"बदला," ती म्हणाली.

२९ सप्टेंबर, सोमवार

शाफ्ट आला. दुपारी बारा ते संध्याकाळी सात, इंजिन जोडलं. प्रत्येक बोल्ट मापाने आवळला. काका बाजूला बसून एकेक बोल्ट हातात देत होते. सात तासांत ते फक्त एकदा बोलले: "हळू."

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दहाला इंजिन सुरू केलं. तिसऱ्या किकला. आवाज स्वच्छ. वीस मिनिटं चालवून वेल्डवर कोरडं कापड फिरवलं. कोरडंच राहिलं.

सगुणाने दुपारी गॅरेजमागच्या मोकळ्या कातळावर गाडी चालवून बघितली. दुसऱ्या गिअरमध्ये तीनदा बंद पाडली. चौथ्यांदा दोन रिकामे क्रेट बांधून फिरली. तिची चूक एकच, क्लच घाईने सोडते. मी सांगितलं. तिने विचारलं, तुम्ही पहिल्यांदा किती वेळा बंद पाडली होती? मी सांगितलं, अकरा.

"मोजली व्हतीत?"

"हो."

ती हसायला लागली ती थांबेचना. ओढणीने डोळे पुसावे लागले. मग एकदम म्हणाली, "हे बगायला ते नायत इथं." आणि पुन्हा चक्कर मारायला गेली.

गाडी तयार आहे. आता न सांगण्याला काही निमित्त उरलेलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

भाट्याला जाऊन आले.

लवू खाटेवर, सगुणा खाली बसून मसाला निवडत होती. मी बसले नाही. सरळ सांगितलं. चेन आळसाने गेली नाही. खाऱ्या पाण्याने धुतल्यामुळे गेली. टोपी काढून नळी सोडल्यामुळे मीठ आत साठलं. आणि गाडी धुवायला मी लावली होती. दोन वेळा तेलासाठी आलात, दोन्ही वेळा मी परत पाठवलं. कार्डावर मी लिहिलेलं कारण चुकीचं आहे.

 लवू स्वतःच्या पायाकडे बघत होता.

"म्हंजे मी जेवढी जास्त धुतली..."

"हो."

"तेवढी लवकर..."

"हो."

"मंग येक दिस पण चुकवला नाय तां..." मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. दोष त्याचा नाही हे ऐकून माणसाला बरं वाटायला हवं. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

सगुणा उठली. "तुमास कधी कळलं हे?"

"वीस तारखेला. इथेच. नक्की एकवीसला, रजिस्टर पाहिल्यावर."

"अकरा दिस." तिने मोजायला वेळ घेतला नाही. "अकरा दिस हा माणूस सोताला खातोय. मी तुमच्या दारात येऊन सांगून गेले, तरी. नि तुमी मला चाक बदलूया म्हणालाव."

"हो."

"हो काय? दुसरं काय येतंय का तुमास?"

 चूक झाली, असं म्हटलं. ते पुरेसं नव्हतं हे म्हणताना कळलं.

चुलीवर चहा उकळत होता. तो कुणी दिला नाही.

निघताना लवूचा आवाज आला, तोंड भिंतीकडेच. "सगुणे, त्यांना पुलापातूर सोड. काळोख पडलाय." सगुणा जागची हलली नाही. मी एकटीच आले. काळोख फारसा नव्हता.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी हत्यारांची पूजा झाली. काकांनी पाने, हातोड्या, माझं मापाचं कॅलिपर सगळं पाटावर मांडून झेंडू वाहिले. लवूच्या गाडीलाही हार घातला.

सगुणा नऊला आली. माझ्याकडे बघितलं नाही. "काका, किल्ली."

मी नवीन जॉब कार्ड केलं होतं. कारणाच्या रकान्यात सविस्तर लिहिलं आहे, खाली माझं पूर्ण नाव. काकांनी ते माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि माझ्या नावाखाली आपली सही केली.

"तुमची कशाला?" मी विचारलं.

"बोर्ड माझ्या दारावर व्हता. नि मी आत बसून पाना वाजवत व्हतो. तां कुठल्या रकान्यात लिवतंस?"

सगुणाने कार्ड न वाचता घडी करून ब्लाउजमध्ये खोचलं. "ह्यांनाच देते. उशीखालचं बदलून ठेवतील."

मग गाडीवर बसून म्हणाली, काकांनाच, "नि उद्या वाटेत बंद पडली तर?"

"मी मागून स्कूटरवर येते," मी म्हटलं. "पहिल्या फेरीला वेल्ड तपासायला हवा."

"येवा नायतर नको येवा," ती म्हणाली. "साडेसाताला बंदरावरनं निघणार."

क्लच या वेळी बरोबर सोडला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

साडेसातला निघालो. सगुणा पुढे, मागे दोन्ही बाजूंना क्रेट: बांगडे, सौंदाळे, थोडी कोळंबी. मी पन्नास मीटर मागे.

पहिल्या तीन वाड्यांत एकोणतीस घरं. सव्वीस घरांनी घेतली. पहिल्याच दारात सावित्रीआजी टोप घेऊन उभ्या होत्या. लवूच्या पायाची सगळी चौकशी झाल्यावर माझ्याकडे बोट दाखवलं.

"नि ही कोण गो?"

सगुणा बांगडे मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी हिनंच मोडली, नि हिनंच जोडली."

"अगो बाय! मंग अशी लांब काय उभी? टोप धर."

मी टोप धरला. त्यानंतरच्या प्रत्येक दारात मीच धरला. कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या वाडीनंतर, चौदा किलोमीटर झाल्यावर, मी गाडी थांबवायला लावली. गरम इंजिनवर वेल्ड बघायचा होता. सगुणा म्हणाली, "तां उद्या बगा. शिवा पालीवरनं निघाला असंल." मी म्हटलं, पाझरत असेल तर उद्या गाडीच नसेल. खाली वाकून कापड फिरवलं, कोरडं होतं. खात्री वाटेना म्हणून इंजिन जरा निवू देऊन पुन्हा फिरवलं. कोरडंच. अठरा मिनिटं गेली.

चौथ्या वाडीत शिरताना टेंपो बाहेर पडताना दिसला. आठ घरांपैकी तिघांनी घेतली, तीही लवूच्या नावाने.

शेवटची वाडी सात घरांची. रस्त्यावर टेंपोच्या चाकांचे ताजे वळ होते. दारं बंद, आत फोडणीचा वास. सगुणाने हॉर्न वाजवला. कुणी बाहेर आलं नाही. पुन्हा वाजवला. एक कुत्रा आला, बघून गेला.

ती हॉर्नवरचा अंगठा काढून बसून राहिली. पाठ माझ्याकडे होती.

"अठरा मिंटं," ती म्हणाली.

"हो."

"बंद करू गाडी? उगाच पेट्रोल जळतंय."

मी म्हटलं, बंद करू नका. एवढ्या कामानंतर इंजिन गरम असताना जागच्या जागी दहा मिनिटं चालू ठेवून बघावं लागतं.

असं काही नसतं. सकाळपासून बघायचं ते सगळं बघून झालं होतं.

तिने वळून माझ्याकडे बघितलं. कालपासून पहिल्यांदाच. मग हात परत हँडलवर ठेवला. इंजिन चालू राहिलं. मी घड्याळ लावलं नाही, म्हणून नक्की किती वेळ ते सांगता येत नाही.

कोपऱ्यातल्या घराचं दार उघडलं. एक म्हातारा बाहेर आला, अंगात बनियन, हाताला मीठ-हळद लागलेली.

"मासळी घेतली बाय आमी. टेंपोवाल्याची." मग क्रेटमध्ये डोकावून बघितलं. "लवूची गाडी ना ही? आवाजानं वळखली. बरा हाय का तो?"

"बरा हाय. पाय बांधलाय."

"नि तू नेतंस मासळी?"

"मीच."

त्याने गाडीकडे, मग तिच्याकडे बघितलं. शेजारच्या दाराकडे तोंड करून ओरडला, "गोदे, लवूची बायको हाय गो!" आतून बाईने काहीतरी विचारलं ते मला कळलं नाही.

"उद्या किती वाजता येशील?" त्याने विचारलं.

"आजच्यासारखीच. दहाला."

"टेंपो पावणेदहाला आला," तो म्हणाला. "साडेनवाला ये. मी हिकडं उभा ऱ्हातो." आणि आत गेला.

सगुणाने गाडी वळवली. माझ्या स्कूटरशी येऊन थांबली.

"मृणाली," ती म्हणाली. म्याडम नाही म्हणाली. "उद्या मधी वाकून बगायचं नाय."

"नाही बघणार."

सत्तावन्न किलोमीटर झाले. चव्वेचाळीसपैकी एकोणतीस घरं. शेवटच्या सातांचं अजून सांगता येत नाही.

साडेनऊला तिथे पोचायचं तर बंदरावरून सातला निघायला हवं. काशीकाकांना फोन करून सांगितलं, उद्या मी अकरानंतर येईन.